‘टीम कल्चर’ : एका शब्दाची उलटतपासणी

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये गेली काही वर्षे एक सुतक पाळले जात आहे. मृताचे नाव ‘कल्चर’. शोक करणारे बहुतांशी उतारवयातले, कीर्तिमान प्रशिक्षक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : २०२१ साली खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी एक हंगाम बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाऊन खेळण्याचीही मुभा मिळाली, आणि संघ म्हणजे कुटुंब, प्रशिक्षक म्हणजे वडील, त्याग म्हणजे विजय, ही पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली संस्कृती एका उन्हाळ्यात कोसळली. आता उरले आहेत ते भाडोत्री खेळाडू आणि त्यांचे दलाल.

प्रस्तुत लेखकाला हा शोक मान्य नाही. जे कोसळले त्यातला बराचसा भाग म्हणजे एक बाहेरून कडी लावलेली खोली होती. आतली मुले उठून जात नाहीत, याचे श्रेय कडीजवळ उभा असलेला माणूस आपल्या तत्त्वज्ञानाला देत होता. कडी निघाली, काही मुले गेली, आणि तत्त्वज्ञान रडू लागले.

मराठी साहित्याच्या वाचकाने या परक्या अंगणात का डोकवावे, असा प्रश्न कोणी विचारील. एक तर हा शब्दाचा प्रश्न आहे, आणि शब्दांची राखण हे आपले काम आहे. दुसरे असे की हे अंगण आता तितकेसे परके राहिलेले नाही. जॉन वुडन या बास्केटबॉल प्रशिक्षकाचा ‘यशाचा पिरॅमिड’ प्रस्तुत लेखकाने प्रथम पाहिला तो प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात, पडद्यावर. व्याख्यात्याने बास्केटबॉलचा उल्लेखही केला नाही. संदर्भातून सुटलेली सुभाषिते फार लांबचा प्रवास करतात.

आरंभापासून पाहू. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकाने हिवाळ्यात कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. त्या नियमांत पंच आहेत. प्रशिक्षकाचा पत्ता नाही. पुढे हेच नेस्मिथ १८९८ ते १९०७ या काळात कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांचा हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव असा आहे, आणि कॅन्ससच्या एवढ्या यशस्वी इतिहासात जिंकण्यापेक्षा अधिक सामने हरलेला प्रशिक्षक हा एकच : खेळाचा जनक! एक रंजक तपशील आणखी आहे. १९४८-४९ च्या हंगामापर्यंत महाविद्यालयीन सामन्यांत ‘टाइम-आउट’च्या वेळीदेखील प्रशिक्षकाने खेळाडूंशी बोलण्यास नियमाने मनाई होती. निर्णय खेळणाऱ्यांनी घ्यावा, हा त्यामागचा विचार. म्हणजे आज आपण दूरदर्शनवर पाहतो तो प्रशिक्षक (कोट घातलेला, रेषेलगत येरझारा घालणारा, फळ्यावर बाण काढणारा आणि दर मिनिटाला कॅमेऱ्यात येणारा) या खेळाच्या घरात नंतर राहायला आलेला पाहुणा आहे. घर आपणच बांधले अशी त्याची समजूत कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे.

ती समजूत घडवण्यात पुस्तकांचा वाटा मोठा. ‘प्रशिक्षकाचे पुस्तक’ हा अमेरिकेत एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार झाला आहे. विजेतेपद मिळाले की दीड-दोन वर्षांत पुस्तक येते. नेतृत्वाची अमुक सूत्रे, यशाचे तमुक स्तंभ, मधूनमधून ड्रेसिंग रूममधला एखादा गहिवर. आपल्याकडील बखरींशी याचे नाते जवळचे आहे : निकाल आधी ठाऊक असतो, आणि गुण त्यानंतर शोधले जातात. जिंकलेल्या संघाची शिस्त ‘संस्कृती’ ठरते. हरलेल्या संघाची तीच शिस्त ‘जाच’ ठरते, आणि तिच्यावर पुस्तक निघत नाही. आपल्या परंपरेत याहून प्रामाणिक नमुना आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ठिकठिकाणी हिंडून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून. लीळाचरित्रातही गुरूच्या लहानसहान कृतींना अर्थ आहेच, पण तिथे आठवणारे अनेक आहेत. प्रशिक्षकाच्या पुस्तकात आठवणारा एकच असतो, आणि तोच चरित्रनायकही असतो. बाकावर बसून चार वर्षे टाळ्या वाजवलेल्या बाराव्या मुलाला विचारायला कोणी जात नाही.

वुडन यांच्याविषयी मात्र जपून लिहिले पाहिजे, कारण तो माणूस खरोखरच मोठा होता. मूळचा इंग्रजीचा शाळामास्तर. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला त्याने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. त्यांतली सात सलग. हंगामाच्या पहिल्या दिवशी तो देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंना पायमोजे कसे घालावेत ते शिकवी, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. शिक्षक म्हणून मला हा प्रसंग कोणत्याही पिरॅमिडपेक्षा मोलाचा वाटतो. त्यात तत्त्वज्ञान नाही, कौशल्य आहे. याउलट पिरॅमिडचे पंधरा ठोकळे पाहा : तळाशी उद्योगशीलता, मैत्री, निष्ठा, सहकार्य, उत्साह. यांना विरोध कोण करणार? ज्याला विरोधच करता येत नाही त्या विधानात विचार किती असतो, हे आपण निबंधाच्या उत्तरपत्रिका तपासताना रोज पाहतो.

वुडन यांची एक गोष्ट फार सांगितली जाते. बिल वॉल्टन हा त्यांचा अलौकिक खेळाडू सुट्टीनंतर दाढी वाढवून आला आणि दाढी हा आपला हक्क आहे असे म्हणाला. वुडन यांनी त्याच्या ठामपणाचे कौतुक केले आणि शांतपणे सांगितले की संघाला तुझी उणीव भासेल. वॉल्टन सायकलवर टांग टाकून न्हाव्याकडे धावला. स्वतः वॉल्टनही ही गोष्ट प्रेमाने सांगत असे. तरी ती पुन्हा वाचावी. वॉल्टनसाठी व्यावसायिक संघ टपून बसले होते. तो एक वेळ खरोखरच निघून जाऊ शकला असता, म्हणून तर संवाद झाला. ज्याला जायला जागा नव्हती अशा मुलाने दाढीचा प्रश्न काढलाच नसता. आणि अशा न विचारलेल्या प्रश्नांच्या शांततेलाच पुढे ‘यूसीएलएची संस्कृती’ हे नाव मिळाले असल्यास नवल नाही. त्याच काळात सॅम गिल्बर्ट नावाचा एक धनाढ्य बांधकाम व्यावसायिक खेळाडूंच्या अडीअडचणी नियमांबाहेर जाऊन भागवत असे, हेही पुढे उघड झाले. १९८१ साली, वुडन निवृत्त झाल्यानंतर, विद्यापीठावर कारवाई झाली. पिरॅमिडच्या तळाशी पंधरांत न मोजलेला एक ठोकळा होता.

वुडन सौम्य होते. बॉब नाइट नव्हते. इंडियाना विद्यापीठाचे हे प्रशिक्षक (१९७१ ते २०००) तीन वेळा विजेते झाले. १९७५-७६ चा त्यांचा संघ एकही सामना न हरता विजेता झाला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे पुरुषांच्या गटात हे कोणाला साधले नाही. त्यांचे खेळाडू पदव्या घेत, पैशांचे गैरव्यवहार त्यांच्याकडे नव्हते. हे सारे खरे. आणि हेही खरे की १९८५ साली पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात त्यांनी मैदानात खुर्ची भिरकावली, आणि १९९७ च्या एका सरावात एका खेळाडूच्या गळ्याला हात घातला. त्याने हे २००० साली सांगितले तेव्हा आधी त्यालाच खोटे पाडण्यात आले. मग चित्रफीत बाहेर आली. तेवढ्यावरही नोकरी गेली नाही. ‘यापुढे खपवून घेणार नाही’ अशी ताकीद मिळाली, आणि सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थ्याचा दंड धरल्याच्या प्रकरणानंतर अखेर हकालपट्टी झाली. त्या रात्री हजारो विद्यार्थी विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरासमोर जमले, ते नाइट यांच्या बाजूने. पुढच्याच वर्षी टेक्सस टेक विद्यापीठाने त्यांना नेमले.

‘कल्चर’ या शब्दाची खरी कामगिरी इथे दिसते. गळ्याला घातलेला हात हा एरवी गुन्हा असतो. संस्कृतीच्या छपराखाली तो ‘कठोर प्रेम’ होतो. आणि ही नुसती जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. रटगर्स विद्यापीठाचा प्रशिक्षक माइक राइस सरावात खेळाडूंच्या अंगावर चेंडू फेकतो, त्यांना ढकलतो, अर्वाच्य शिव्या देतो, याची चित्रफीत विद्यापीठातील वरिष्ठांनी २०१२ च्या अखेरीस पाहिली होती. शिक्षा झाली तीन सामन्यांची बंदी आणि दंड. एप्रिल २०१३ मध्ये तीच चित्रफीत दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि दुसऱ्या दिवशी राइस बडतर्फ झाला. चित्रफितीत काही बदलले नव्हते. पाहणारे बदलले होते.

ही मुले उठून का गेली नाहीत? इथे दुसऱ्या एका शब्दाकडे वळावे लागते : ‘स्टुडंट-ॲथलीट’. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने हा जोडशब्द १९५० च्या दशकात रूढ केला. जखमी झालेल्या, क्वचित मेलेल्या खेळाडूंच्या वतीने कामगार म्हणून नुकसानभरपाईचे दावे येऊ लागले होते. खेळाडू हा विद्यार्थी ठरला की तो कामगार उरत नाही. कोलोरॅडोमधील एका मृत फुटबॉलपटूच्या पत्नीचा दावा १९५७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. हा आरोप कुणा टीकाकाराचा नाही. १९५१ ते १९८७ एवढा काळ संस्थेचा कारभार पाहिलेले वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या पुस्तकात या शब्दाचा जन्म कसा झाला ते सांगितले आहे, आणि जी व्यवस्था स्वतः उभारली तिची तुलना मळेवाल्यांच्या मनोवृत्तीशी केली आहे. एका शब्दाने एवढा पैसा वाचवल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. २०१० साली मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचे प्रक्षेपण १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलर्सना विकले गेले, तेव्हा खेळणाऱ्याच्या वाट्याला शिक्षण, निवास आणि भोजन एवढेच होते.

आणि जाण्याची वाट? दुसऱ्या विद्यापीठात गेल्यास एक पूर्ण हंगाम बाहेर बसणे. चार हंगामांचे आयुष्य असलेल्या खेळाडूला एक हंगाम म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. प्रशिक्षकाला मात्र असा नियम नव्हता. १९८८ साली लॅरी ब्राऊन यांनी कॅन्ससला विजेतेपद मिळवून दिले आणि काही आठवड्यांत ते व्यावसायिक संघाकडे निघून गेले. त्यांच्या कारकिर्दीतील नियमभंगांबद्दल शिक्षा त्यानंतर आली : १९८९ च्या स्पर्धेत कॅन्ससला प्रवेश नाही. विजेत्याला आपले विजेतेपद राखण्याची संधीच नाकारली गेली, आणि ती शिक्षा मागे राहिलेल्या मुलांनी भोगली. यावरून ‘निष्ठा’ या विषयावर कुणी पुस्तक लिहिल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या व्यवसायातले उदाहरण दिल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पंचाहत्तर टक्के हजेरी सक्तीची असलेला वर्ग भरलेला दिसतो. तो पाहून आपले व्याख्यान रंगते अशी समजूत करून घेणारे प्राध्यापक आपण सर्वांनी पाहिले आहेत. सक्ती उठली की वर्ग रिकामा होतो, आणि मग हे गृहस्थ नव्या पिढीच्या ज्ञानविन्मुखतेवर लेख लिहितात. भरलेल्या वर्गाने त्यांच्याविषयी कधी काही सिद्ध केलेच नव्हते.

प्रतिपक्षातील सर्वांत सभ्य माणसाचे म्हणणे ऐकणे हा वादाचा शिष्टाचार आहे. तो माणूस टोनी बेनेट. व्हर्जिनिया विद्यापीठाचे हे प्रशिक्षक नम्रता, उत्कटता, एकता, सेवाभाव आणि कृतज्ञता या पाच स्तंभांवर संघ उभारत. हे स्तंभ त्यांच्याकडे वडिलांकडून आले होते, वडीलही प्रशिक्षकच. २०१८ मध्ये त्यांचा अव्वल मानांकित संघ सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असे पूर्वी कधीच घडले नव्हते. पुढच्याच वर्षी ते विजेते झाले. त्यानंतर त्यांनी पगारवाढ नाकारली आणि खेळाडूंच्या पुढील आयुष्यासाठी पाच लाख डॉलर्स दिले. असा माणूस ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, या नव्या व्यवस्थेला आपण योग्य नाही असे सांगून बाजूला झाला. खेळाडूंना पैसे मिळणे रास्तच आहे, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. या निवृत्तीत ढोंग नाही. पण बेनेट गेले याचा अर्थ संस्कृती मेली असा लावणारे जे लोक आहेत, त्यांनी बेनेट यांचे ते दुसरे वाक्य गाळले.

जिम लॅरान्यागा यांची गोष्ट याहून बोलकी आहे. मायामी विद्यापीठाचा त्यांचा संघ २०२३ मध्ये अंतिम चारांत पोचला. परतल्यावर पहिल्याच बैठकीत आठ खेळाडूंनी आपण जाणार असल्याचे सांगितले. इथे आवडत नाही का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की फार आवडते. पण दुसरीकडे पैसे मिळण्याची संधी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पद सोडताना लॅरान्यागांनी हे खिन्नपणे सांगितले. मला त्यात खिन्न होण्याजोगे काही दिसत नाही. त्या मुलांनी दोन्ही गोष्टी खऱ्या सांगितल्या. आवडते घर सोडून पैशासाठी दुसऱ्या गावी जाणे, हे कोकणातल्या कोणत्याही कुटुंबाला समजावून सांगावे लागत नाही. मुंबईला गेलेला चाकरमानी गावावर प्रेम करीत नव्हता, असे आपण कधी म्हटले नाही.

नवी व्यवस्था निर्मळ आहे असा याचा अर्थ नव्हे. दलाल आले आहेत. बदली मागून कोणीच न घेतल्यामुळे अधांतरी राहिलेली मुले आहेत. चार वर्षांत तीन विद्यापीठे केलेल्या मुलाचे शिक्षण काय होते, हा प्रश्न शिक्षकांनी तरी टाळू नये. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २.०५ कोटी डॉलर्सपर्यंत. त्यातला मोठा वाटा कुणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. बाजार हा बाजारच. पण बाजार वाईट म्हणून वेठ चांगली ठरत नाही.

मग प्रशिक्षकाने घडवलेली संस्कृती म्हणून काही नसतेच का? असते, पण तिची परीक्षा निराळी आहे. नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ (१९६१ ते १९९७, ८७९ विजय) यांनी दोन साध्या सवयी लावल्या. गुण करणाऱ्याने आपल्याला चेंडू देणाऱ्याकडे बोट दाखवायचे. दमलेल्याने मूठ वर करून स्वतःच विश्रांती मागायची, म्हणजे परत कधी खेळायला यायचे तेही त्यालाच सांगता येई. दुसऱ्या सवयीतला विचार लक्षात घ्यावा : दम किती लागला हे ज्याला लागला तो जाणतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्मिथ आपल्या उत्तम खेळाडूंची व्यावसायिक किंमत स्वतः चौकशी करून ठरवत, आणि जाण्यात त्याचे हित असेल तर त्याला जा म्हणत. १९८२ मध्ये जेम्स वर्दी असा गेला, १९८४ मध्ये मायकेल जॉर्डन. दोघेही शिक्षण संपण्याआधी गेले, दोघांच्या जाण्याने संघाचे नुकसान झाले. स्मिथ २०१५ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्रात आपल्या हाताखाली खेळलेल्या प्रत्येकासाठी, प्रमुखांसाठी आणि बाकावरच्यांसाठीही, दोनशे डॉलर्स ठेवलेले निघाले : बाहेर जाऊन छान जेवा, या निरोपासह.

इथेच थांबलो तर मीही बखरच लिहिली असे होईल. त्याच विद्यापीठात १९९३ ते २०११ या अठरा वर्षांत तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना, ज्यांत खेळाडूंचे प्रमाण मोठे होते, न भरणाऱ्या वर्गांचे गुण दिले गेल्याचे २०१४ च्या चौकशी अहवालात नमूद आहे. सुरुवातीची काही वर्षे स्मिथ यांच्याच कारकिर्दीतली. ‘कॅरोलायनाची रीत’ म्हणून जिचा गौरव होई, तिच्यात हेही मावले. बोट दाखवण्याची सवय खरी होती. त्या मुलांना वर्गात काहीच शिकवले गेले नाही हेही खरे होते.

एक शेवटचा संघ. डार्टमाउथ हे न्यू हॅम्पशरमधील जुने, श्रीमंत महाविद्यालय; तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. २०२३-२४ मध्ये त्यांचा पुरुष संघ आपल्या गटात तळाला होता. या संघातील पंधरा जणांनी आपण कामगार आहोत असे म्हणत संघटनेसाठी अर्ज केला, आणि ५ मार्च २०२४ रोजी मतदान केले : तेरा बाजूने, दोन विरुद्ध. त्याच संध्याकाळी ते हार्वर्डशी खेळले आणि जिंकले. महाविद्यालयाने वाटाघाटींस नकार दिला, प्रकरण लांबले, काही जण पदवी घेऊन गेले, आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी अर्ज मागे घेण्यात आला. एकमेकांसाठी जोखीम उचलणाऱ्या या पंधरा मुलांच्या ‘टीम कल्चर’वर कोणत्याही प्रशिक्षकाचे पुस्तक अद्याप आलेले नाही, आणि त्यांच्यातले विरोधी मत देणारे दोघेही त्याच संघातले होते.